मदत हवी आहे : बडोद्यात आणि पुण्यात एकच काम, पगार मात्र दोन, सोमवारपर्यंत निर्णय द्यायचा आहे

मकरपुरा_पॅनल

नमस्कार. बडोद्यातील मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचा इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनल तयार करण्याचा कारखाना आहे. एकूण ३१ माणसे आहेत. त्यांपैकी पाच जण पुण्यात बसून ड्रॉइंग करतात, एक जण इंदूरहून घरूनच पीएलसीचे (यंत्रे चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे) प्रोग्रॅमिंग करतो आणि बाकी सर्व बडोद्यात असतात. बडोद्यातही ड्रॉइंगचे चार जण आहेत. पुण्यातील माणसांचा पगार इथल्यांपेक्षा जास्त आहे, हे गेल्या आठवड्यात सर्वांना कळले, आणि आमच्या इथल्या सर्वांत जुन्या ड्रॉइंगवाल्या बाईंनी सांगितले आहे की सोमवारपर्यंत काही ठरले नाही तर त्या राजीनामा देतील. शहर बदलले की पगार बदलावा की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. कृपया कोणीतरी स्पष्ट उत्तर द्यावे, कारण माझ्याकडे तीनच दिवस आहेत.

दांडियाबाजार

आपण दिलेल्या माहितीवरून कोणालाही उत्तर देता येणार नाही. फरक किती रुपयांचा आहे? काम खरोखर एकच आहे का? पगार सर्वांना कळले ते कसे? आणि कोण केव्हा नोकरीला लागले?

मकरपुरा_पॅनल

बाईंना हातात सुमारे ३८ हजार मिळतात, तर पुण्यातील त्यांच्याच दर्जाच्या गृहस्थांना सुमारे ५२ हजार. काम एकच, म्हणजे जीए ड्रॉइंग (पॅनलची एकूण मांडणी), वायरिंग ड्रॉइंग आणि सामानाची यादी. पगारपत्रकाची फाइल हिशेबाच्या मुलाकडून चुकून सामायिक फोल्डरमध्ये गेली. चाकण भागात आमचे ग्राहक वाढले, त्या वेळी पुण्याचे कार्यालय उघडले. पुणे महाग आहे, हे उघडच आहे.

पगारपत्रक_पुणे

मी गेली पंधरा वर्षे पगारपत्रकांचेच काम करते. पुणे महाग आहे हे खरे, पण किती महाग, याचा अंदाज घेण्यासाठी एक सरकारी मोजपट्टी उपलब्ध आहे. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांचा मूळ पगार शहर पाहून ठरवत नाही. एका पदाचा मूळ पगार सगळीकडे एकच असतो आणि शहराचा फरक प्रामुख्याने घरभाड्याच्या भत्त्यात येतो. सातव्या वेतन आयोगाच्या पद्धतीत शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत आणि जानेवारी २०२४पासून त्यांचे दर मूळ पगाराच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाले. पुणे एक्स वर्गात आहे, बडोदे वाय वर्गात. तुमच्या माणसांचा मूळ पगार ३० हजार धरला, तर पुण्यात भत्ता ९ हजार आणि बडोद्यात ६ हजार होतो, म्हणजे फरक ३ हजारांचा. तुमचा फरक १४ हजारांचा आहे. उरलेले ११ हजार शहराच्या नावावर टाकता येणार नाहीत. ते कुठून आले, हे आधी शोधावे लागेल.

कर_सल्ला

या निमित्ताने एक गोष्ट तपासून घ्यावी. पुण्यात प्रत्यक्ष कार्यालय असल्यामुळे तिथल्या कर्मचाऱ्यांचा व्यवसाय कर महाराष्ट्रात भरावा लागतो. त्यासाठी गुजरातची नोंदणी चालत नाही. गुजरातेत महिना १२ हजारांच्या वर पगार असेल तर २०० रुपये कापले जातात. महाराष्ट्रात साधारणपणे महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० होतात, आणि संविधानाच्या २७६व्या कलमानुसार वर्षाची कमाल मर्यादाही तेवढीच आहे. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५पासून वेतनसंहिता (वेतनाचा नवा केंद्रीय कायदा) लागू झाली असून भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणून केवळ भत्ता वाढवून फरक मिटवू पाहाल, तर पीएफ-ग्रॅच्युइटीचा पुढचा हिशेब बिघडेल.

मकरपुरा_पॅनल

कराचा प्रश्न मी विचारला नव्हता, पण शेवटचा मुद्दा लिहून ठेवला आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही.

जुना_कारखानदार

मी वाघोडिया रोडला २८ वर्षे पंप तयार केले. माझे मत आपल्याला आवडणार नाही, तरी लिहितो. पुण्याचे कार्यालय बंद करा आणि सर्वांना मकरपुऱ्यात एका छताखाली आणा. पगाराचा फरक हे वरवर दिसणारे दुखणे आहे, मूळ दुखणे अंतराचे आहे. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी संशोधन प्रयोगशाळांतील अभियंत्यांचा अभ्यास करून १९७७मध्ये दाखवून दिले होते की दोन टेबलांमधील अंतर वाढते तसे कामाविषयीचे बोलणे झपाट्याने घटते आणि ३० ते ५० मीटरच्या पुढे ते फारच थोडे उरते. तुमच्या दोन टेबलांमध्ये तर एका रात्रीचा प्रवास आहे.

इंदुरी_घरून

काका, आपल्या अनुभवाचा आदर आहे, पण १९७७मध्ये ड्रॉइंग कागदावर असायचे आणि आज ते एकाच वेळी दोन पडद्यांवर उघडता येते. मी स्वतः इंदूरला रामबागेतल्या घरातून एका कंपनीसाठी सहा वर्षे काम करतो आहे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधील ट्रिप डॉट कॉम या कंपनीत १,६०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला आणि तो २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिल्यावर नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि कामाच्या मूल्यमापनात काही फरक पडला नाही. कार्यालय बंद केले तर पुण्यातील पाचांपैकी किती जण बडोद्याला येतील, याचा आधी विचार करावा.

जुना_कारखानदार

तुम्ही दिलेल्या उदाहरणात माणसे आठवड्यातले तीन दिवस एकाच इमारतीत भेटत होती. मकरपुऱ्याची आणि पुण्याची माणसे वर्षातून किती वेळा भेटतात, हे धागाकर्त्यांनी सांगावे. आणि दूर बसल्यामुळे प्रत्यक्ष नुकसान काय झाले, तेही सांगावे. नुकसान झालेच नसेल, तर मी माझे म्हणणे मागे घेतो.

मकरपुरा_पॅनल

वर्षातून एकदा, दसऱ्याच्या पूजेला भेटतात. नुकसानीचे सांगतो. मार्चमध्ये एका ऑर्डरचे सहा पॅनल होते. पुण्याहून आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत दरवाजावर ९६ बाय ९६चे मीटर होते, म्हणजे पत्र्याला ९२ बाय ९२ मिलिमीटरचा कटआउट (मीटर बसवण्याचे भोक). ग्राहकाने मीटर बदलून ७२ बाय ७२चे केले, त्याला ६८ बाय ६८चा कटआउट लागतो. पुण्याच्या टीमने तिसरी आवृत्ती करून व्हॉट्सॲपवरील त्यांच्या ग्रुपवर टाकली आणि मेलही केला, पण पंचिंगच्या मशिनवर दुसरीच आवृत्ती चिकटवलेली होती. लहान भोक मोठे करता येते, मोठे लहान करता येत नाही. दोन दरवाजे कापून झाले होते तेवढ्यात बाई मशिनपाशी गेल्या, मोजपट्टी लावली आणि काम थांबवले. त्यांनी थांबवले नसते, तर सहाही दरवाजे पावडर कोटिंग होऊन भंगारात गेले असते.

दांडियाबाजार

क्षमा करा, पण आपण वर लिहिले आहे की काम एकच आहे. ते ड्रॉइंग पुण्याचे होते ना? मग बाई मशिनपाशी का गेल्या होत्या?

मकरपुरा_पॅनल

त्यांचे टेबल शॉप फ्लोअरच्या दाराशी आहे. फिटरला ड्रॉइंगमध्ये काही कळले नाही, तर तो पुण्याला फोन करत नाही, बाईंकडे जातो. पुण्याचे प्रत्येक ड्रॉइंग कापायला देण्यापूर्वी त्या एकदा पाहतात. तशी पद्धतच पडली आहे.

पगारपत्रक_पुणे

म्हणजे त्या बडोद्याचे ड्रॉइंगही करतात आणि पुण्याचेही तपासतात. काम एकच आहे असे आपल्याला वाटत होते, कारण हे काम कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नाही. आता श्री. दांडियाबाजार यांच्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर द्या. कोण केव्हा लागले आणि पगारवाढ कशी होते?

मकरपुरा_पॅनल

बाई २०१४पासून आहेत. पुण्याचे पाचही जण २०२२चे. तेव्हा एका महिन्यात माणसे हवी होती आणि बाजारात मिळत नव्हती, म्हणून मागितले तेवढे दिले. पगारवाढ मात्र सर्वांना सारखीच, दरवर्षी एप्रिलमध्ये ८ टक्के. त्यात मी कधीही भेदभाव केलेला नाही.

पगारपत्रक_पुणे

२०२२मध्ये बाईंना साधारण २८ हजार आणि पुण्याच्या गृहस्थांना ३८ हजार असणार. दोघांना चार वेळा ८ टक्के वाढ दिली की आजचे आकडे सुमारे ३८,१०० आणि ५१,७०० येतात. सुरुवातीचा १० हजारांचा फरक १३,६०० रुपयांवर गेला, आणि तोही सर्वांना सारखी टक्केवारी देऊन. सारख्या टक्केवारीने रुपयांतले अंतर दरवर्षी वाढतच जाते. उरलेले ११ हजार कुठून आले, याचे उत्तर हेच आहे. ते पुण्याचे पैसे नाहीत, २०२२च्या घाईचे आहेत.

मकरपुरा_पॅनल

आकडे तंतोतंत जुळतात. माझ्या हे कधी लक्षातच आले नव्हते.

अर्थशास्त्र_निवृत्त

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी ओडिशात केलेला एक प्रयोग २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे रोजंदारीवरच्या कामगारांचे तिघातिघांचे गट होते आणि एका गटातले तिघेही एकच वस्तू तयार करत. काही गटांत सर्वांना सारखी मजुरी होती, काहींत थोडा फरक ठेवलेला होता. स्वतःची मजुरी तेवढीच असूनही, सोबत्यांना जास्त मिळते हे कळलेल्या कामगारांचे उत्पादन घटले आणि हजेरीही घटली. जिथे कोण किती माल काढतो हे सर्वांना सहज दिसत होते, तिथे मात्र असा परिणाम आढळला नाही. मला याहून महत्त्वाचे वाटते ते असे की, फरक असलेल्या गटांतील माणसांना पुढे एकमेकांशी सहकार्य करणेही कठीण गेले, आणि तेही सहकार्यात त्यांचा स्वतःचाच फायदा असताना. तुमची टीम आधीच दोन गावांत विभागलेली आहे. उद्या बाई मशिनपाशी गेल्या नाहीत, तर त्यांना दोष देता येणार नाही, कारण ते काम त्यांच्याकडे सोपवलेलेच नव्हते.

जुना_कारखानदार

म्हणूनच पगार गुप्त ठेवावेत. फाइल बाहेर गेली नसती, तर यांतले काहीच उद्भवले नसते.

अर्थशास्त्र_निवृत्त

या मताशी मी सहमत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कर्मचाऱ्यांना सहकाऱ्यांचे पगार पाहण्याची सोय असलेल्या संकेतस्थळाची माहिती दिल्यावर काय झाले, याचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यापेक्षा कमी पगार असणाऱ्यांचे समाधान घटले आणि त्यांनी दुसरी नोकरी शोधण्याची शक्यता वाढली. जास्त पगार असणाऱ्यांचे समाधान मात्र वाढले नाही. गुप्ततेने काही काळ शांतता राहते, हे यावरून मान्य करता येईल. पण तुमची फाइल आता बाहेर गेलेली आहे, ती परत गुप्त होणार नाही. आता फरकाचे कारण सांगता यायला हवे, आणि जे कारण सांगता येत नाही तेवढा फरक कमी करायला हवा.

इंदुरी_घरून

आणि कृपया पुण्याच्या माणसांचा पगार रोखून समानता आणू नये. त्यांनी मागितले आणि तुम्ही दिले, यात त्यांचा काही अपराध नाही.

मकरपुरा_पॅनल

काल संध्याकाळी कारखाना सुटल्यावर बाईंशी एक तास बोललो. मी सांगितले की शहराचा फरक ३ हजार धरून बाकीचा फरक दोन टप्प्यांत भरून काढेन, अर्धा या महिन्यापासून आणि अर्धा पुढच्या एप्रिलमध्ये, आणि बडोद्याच्या उरलेल्या तिघांसाठीही हाच हिशेब बसवेन. पुढील पगारवाढीचा काही भाग टक्क्यांऐवजी सर्वांना सारख्या रुपयांत देईन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग मार्चच्या त्या ऑर्डरचे ड्रॉइंग काढून माझ्यासमोर ठेवले. उजवीकडच्या खालच्या चौकटीत काढणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशी तीन नावे असतात. तपासणाऱ्याच्या जागी पुण्याच्या प्रमुखांचे नाव होते. त्या म्हणाल्या, "साहेब, हे तर मी तपासते ना?" मी चार वर्षे त्या चौकटीखाली मंजुरीची सही करत आलो आहे.

आता अडचण अशी आहे की ती चौकट बदलायची, तर पुण्याच्या प्रमुखांना आधी विचारावे लागेल आणि त्यांना ते अपमानास्पद वाटेल अशी मला धास्ती आहे. पत्र पाठवावे की फोन करावा?

दांडियाबाजार

दोन्ही नको. उद्या रविवार आहे. आज रात्रीच्या गाडीने पुण्याला जा, ते ड्रॉइंग सोबत न्या, आणि मार्चमध्ये ते दोन दरवाजे कसे गेले हे त्यांना समोर बसून सांगा. त्यांना ते अजून कोणी सांगितले आहे का?

मकरपुरा_पॅनल

नाही. आम्ही इथेच नवीन दरवाजे करून घेतले होते. तिकीट काढतो.