घरच्या गॅरेजमध्ये प्रीमियर पद्मिनी रंगवायची आहे: एनसी की टू-के?

पद्मिनी७८, नाशिक

नमस्कार. वडिलांनी १९७८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आता माझ्याकडे आहे. इंजिन आणि ब्रेक यांचे काम गेल्या वर्षी पूर्ण झाले. आता पत्रा आणि रंग राहिला आहे. गाडी मूळची क्रीम रंगाची. पंचवीसेक वर्षांपूर्वी तिला लाल रंग देण्यात आला. तो आज बॉनेटवर भेगाळला असून मागच्या चाकांच्या कमानींवर त्याचे पोपडे सुटत आहेत. मला ती पुन्हा क्रीम करायची आहे आणि हे काम स्वतःच्या हातांनी करायचे आहे. पैसे वाचवणे हा त्यामागचा हेतू नाही. लहानपणी दर रविवारी वडिलांबरोबर मी ही गाडी धूत असे. तिच्या पत्र्याचे प्रत्येक वळण माझ्या हातांना ठाऊक आहे, आणि ते दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवावे असे मनाला पटत नाही.

घराला लागून ११ फूट रुंद आणि २० फूट लांब गॅरेज आहे. वर सिमेंटचा पत्रा, एका बाजूला खिडकी आणि समोर शटर आहे. माझ्याकडे १ अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर आहे. यापूर्वी मी फक्त लोखंडी कपाटे आणि एक स्कूटर रंगवली आहे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग वापरावा की हार्डनर मिसळण्याचा टू-के रंग, हा कॉम्प्रेसर पुरेल का, आणि दिवाळीनंतर काम सुरू केले तर हवामान साथ देईल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

गनमास्तर, कोल्हापूर

तुमच्या प्रश्नांत पत्र्याचा उल्लेख एका वाक्यापुरता आला आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. मी ३० वर्षे डेंटिंग-पेंटिंगचे काम केले. माझ्या अनुभवात एखादा रंग लवकर गेला असेल, तर त्याचे कारण बहुतेक वेळा रंगाच्या डब्यात नव्हे, तर रंगाखाली सापडले आहे.

आधी एक लहान चुंबक मऊ कापडात गुंडाळून गाडीभर फिरवा. जिथे तो पकडत नाही किंवा ढिला धरतो, तिथे खाली लांबीचा, म्हणजे खड्डे भरण्याच्या पुट्टीचा, जाड थर आहे असे समजा. पद्मिनीच्या दरवाजांखालचा पत्रा, चाकांच्या कमानींच्या कडा, पायाखालच्या चटईच्या खालची जमीन, डिक्कीचा तळ आणि छताच्या कडेची पन्हळ या जागा आधी पाहाव्यात. तिथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. टोक आत गेले तर तो पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवण्याला पर्याय नाही. कुजलेल्या पत्र्यावर लांबी भरली, तर गंज आतून चालत राहतो आणि दोन पावसाळ्यांत फुगा वर येतो. दरवाजांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी असलेली भोके मोकळी आहेत ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे, कारण ती बुजली की दरवाजा आतून सडतो.

गंज घासून काढल्यावर उघडा पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरने झाका. गंज मारण्याचे आम्ल वापरले असेल, तर ते आधी पूर्णपणे धुऊन आणि वाळवून घ्या. त्याचा अंश राहिला तर इपॉक्सी धरत नाही. लांबी प्रायमरवर भरावी, आणि घासल्यानंतर तिची जाडी दोन ते तीन मिलिमीटरपेक्षा अधिक राहू नये. हार्डनर सुमारे दोन टक्के घालावा. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर त्याचा डाग पुढे वरच्या रंगातून दिसू लागतो. पॉलिएस्टर लांबी नेहमी कोरडीच घासावी. ती स्पंजासारखी पाणी शोषते आणि ते पाणी खाली पत्र्यापर्यंत पोहोचते. वॉटर पेपरचे काम त्यावर प्रायमर सरफेसर, म्हणजे घासून सपाट करण्याचा थर, चढल्यानंतरच सुरू करायचे. लांबीसाठी ८० नंबरच्या पेपरपासून आरंभ करून १८० आणि ३२० पर्यंत, तर सरफेसरसाठी पाण्याबरोबर ४०० ते ६०० नंबरपर्यंत जावे.

घासताना पेपर बोटांनी धरू नका, लाकडी ठोकळ्याला गुंडाळा आणि तिरप्या दिशांनी, एकदा या कर्णावर व एकदा त्या कर्णावर, हात चालवा. बोटांखाली पेपर धरला की पत्र्यावर बोटांच्या रुंदीच्या नाल्या पडतात, आणि रंगाला चकाकी आल्यावर त्या उठून दिसतात. सरफेसरवर काळ्या रंगाची अगदी विरळ फवारणी करून मग घासले, तर खड्ड्यांत काळे राहते आणि उंचवटे आधी उघडे पडतात. शेवटी पत्रा ओला करून त्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा. ती रेघ जिथे वाकते, तिथे अजून काम बाकी आहे.

पेट्रोल भरण्याचे झाकण, दरवाजांच्या आतले आवरण किंवा मागच्या सीटखालचा पत्रा येथे मूळ क्रीम रंग सापडेल. तो थोडा पॉलिश करून वरचा पिवळेपणा काढावा आणि मग दुकानदाराला जुळवायला द्यावा. सगळा रंग एकाच वेळी घ्या आणि सर्व डबे एका मोठ्या भांड्यात एकत्र करून ढवळा, म्हणजे दरवाजा आणि मडगार्ड यांत फरक पडणार नाही.

रसायनवाला, पुणे

गनमास्तरांनी पत्र्याविषयी जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी व्यवसायाने रसायन अभियंता आहे आणि स्वतःची पद्मिनी घरीच रंगवली आहे, म्हणून रंगाच्या निवडीबद्दल सविस्तर लिहितो. ही निवड चकाकीपेक्षा तुमच्या फुफ्फुसांचा विचार करून करावी, असे माझे ठाम मत आहे.

टू-के पॉलियुरेथेन रंग उत्तम असतो, पेट्रोल सांडले तरी टिकतो आणि कमी थरांत भरतो. परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा सूक्ष्म फवारा श्वासातून आत गेल्यास शरीर त्याला संवेदनशील होऊ शकते, आणि एकदा तसे झाले की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो. ही अवस्था सहसा आयुष्यभर राहते. कापडी मास्क तर सोडाच, कोळशाच्या डब्यांच्या मास्कवरही येथे विसंबता येत नाही, कारण डबा निकामी झाला हे वासावरून वेळेवर कळत नाही. बाहेरची स्वच्छ हवा वेगळ्या नळीने पुरवणारा पूर्ण चेहऱ्याचा मास्क, हातमोजे आणि अंगभर झाकणारा पोशाख एवढी तयारी नसेल, तर घरात टू-के मारू नये. शिवाय खिडकीतून बाहेर जाणारा तोच फवारा शेजाऱ्यांच्या घरात जातो, याचाही विचार करावा.

एनसी, म्हणजे जुने कारागीर ज्याला ड्यूको म्हणतात तो नायट्रोसेल्युलोज रंग, केवळ थिनर उडून सुकतो. त्यात आयसोसायनेट नाही, धूळ बसण्याच्या आत तो वाळतो, ओघळ आला तर दुसऱ्या दिवशी घासून पुन्हा मारता येतो. नवशिक्याच्या चुका तो पोटात घालतो. त्याचे दोष असे की थर पातळ असल्यामुळे सहा ते आठ हात (थर) द्यावे लागतात, चकाकी रबिंगनेच, म्हणजे घासून उजळल्यावरच, येते आणि आगीचा धोका टू-केपेक्षा अधिक असतो. वाळलेला फवारा आणि रंगाच्या चिंध्यासुद्धा झटकन पेटतात, म्हणून चिंध्या रोज पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. थिनरच्या वाफेपासून वाचण्यासाठी सेंद्रिय वाफांचा कोळसा-मास्क मात्र येथेही हवाच.

या वाफा हवेपेक्षा जड असतात आणि जमिनीलगत साचतात. साधा एक्झॉस्ट पंखा खिडकीत लावून त्यातून वाफा बाहेर खेचल्या, तर त्या थेट पंख्याच्या मोटारीच्या ठिणगीवरून जातात. म्हणून उलट मांडणी करा. पंखा बाहेर स्वच्छ हवेत ठेवून गाळणीच्या कापडातून हवा आत ढकला आणि शटर जमिनीपासून फूटभर उघडे ठेवून वाफांना खालून वाट द्या. कॉम्प्रेसरही बाहेर ठेवावा, कारण त्याच्या दाब-स्विचमध्येही ठिणगी पडते. लगतच्या भिंतीपलीकडे गॅस गीझर किंवा देवापुढचा दिवा असेल, तर त्या दिवशी तो बंद असू द्या.

तुमचा १ अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण तीन ते चार घनफूट हवा देईल, तर एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणाऱ्या) फवारणीच्या गनला त्याच्या दुपटीहून अधिक लागते. दाब पडला की रंग थेंबांनी पडतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. कमी हवेवर चालणारी लहान गन घ्या, दरवाजे, बॉनेट आणि डिक्कीचे झाकण काढून स्टँडवर एकेक करून रंगवा, आणि छतासारख्या मोठ्या भागासाठी मोठा कॉम्प्रेसर दोन दिवस भाड्याने आणा. तुमचा क्रीम रंग साधा आहे म्हणून हे जमेल. मेटॅलिक असता तर भाग गाडीवर ज्या स्थितीत बसतात त्याच स्थितीत धरून रंगवावे लागले असते, नाहीतर छटा बदलते.

डोंबिवलीकर

माझे मत थोडे वेगळे आहे. घासणे, गंज काढणे, लांबी, सरफेसर हे सारे घरी करावे. त्यातच वडिलांच्या गाडीशी असलेले नाते जपले जाते. शेवटचे हात मात्र गाळलेली हवा आणि योग्य निचरा असलेल्या बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंदिस्त खोलीत, द्यावेत. काही गॅरेजवाले एका दिवसापुरता बूथ भाड्याने देतात. मी असेच केले आणि त्यामुळे मला टू-के वापरता आला. दाट वस्तीत राहणाऱ्यांनी या पर्यायाचा गंभीरपणे विचार करावा.

आणखी एक गोष्ट आरसी पुस्तकासंबंधी. त्यात गाडीचा रंग नोंदवलेला असतो आणि रंग बदलला तर आरटीओकडे त्याची नोंद करून घ्यावी लागते. लाल रंग दिला तेव्हा ती नोंद झाली होती का, हे आधी तपासा. पुस्तकात आजही क्रीम असेल तर प्रश्न मिटला.

पद्मिनी७८, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. आरसीवर क्रीम हाच रंग आहे, त्यामुळे ती काळजी गेली. तुमची उत्तरे वाचून मी एनसीचाच निर्णय घेत आहे. काल एनसी थिनरमध्ये भिजवलेली चिंधी बॉनेटच्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरली, तर लाल रंग विरघळून चिंधीवर आला. त्याखाली क्रीम रंग लागला. तो विरघळला नाही, पण त्यावर बारीक सुरकुत्या आल्या. याचा अर्थ काय घ्यावा? दुसरे असे की, आमच्याकडे डिसेंबरात पहाटे दव पडते. एनसी रंग ओलाव्यात पांढरा पडतो असे ऐकले आहे.

गनमास्तर, कोल्हापूर

तुमची चाचणी योग्य झाली. लाल रंग एनसी आहे आणि खालचा क्रीम हा एनॅमल जातीचा आहे. एनॅमलवर थेट एनसी मारला की त्याचा तिखट थिनर एनॅमलला उचलतो. तुम्हाला दिसल्या त्या सुरकुत्या हेच सांगतात. त्यामुळे लाल थर सगळीकडून पूर्ण काढा. भेगाळलेल्या रंगावर कितीही चांगला रंग दिला, तरी त्याच भेगा वर येतात. रंग काढण्याचे रिमूव्हर वापरायचे असेल तर उघड्यावर, जाड हातमोजे घालून वापरा, आणि पत्र्यांच्या सांध्यांपासून व कडांपासून दूर ठेवा, कारण तिथे मुरलेले रिमूव्हर महिन्यानंतरही बाहेर येऊन नवा रंग उचलते. सांध्यांजवळ पेपरनेच काम करा. पेपर ओला ठेवलात तर बरे, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची कोरडी धूळ श्वासात जाऊ नये. खालचा क्रीम जिथे घट्ट धरून असेल तिथे तो ३२० नंबरने घासून त्यावर इपॉक्सी प्रायमर द्या. तो भिंतीसारखा मध्ये उभा राहतो आणि वरच्या थिनरला खाली पोहोचू देत नाही. बॉनेट मात्र पत्र्यापर्यंत साफ करा.

पांढरे पडण्याबद्दल तुम्ही ऐकले ते खरे आहे. थिनर वेगाने उडताना पत्रा थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो. पावसाळ्यात आम्ही म्हणूनच एनसीचे काम टाळत असू. नाशिकला नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत दिवसा हवा कोरडी असते. दव पूर्ण उडून पत्रा हाताला कोमट लागू लागला की, साधारण साडेदहानंतर, सुरुवात करा आणि तीनपर्यंत शेवटचा हात संपवा. धूळ बसावी म्हणून अनेक जण जमिनीवर पाणी मारतात. एनसीसाठी मी तसे करू देत नसे. आदल्या दिवशी जमीन पुसून घ्या आणि छताखाली प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधा, कारण सिमेंटच्या पत्र्यावरची धूळ गनच्या हवेने खाली पडते. तरीही दुधाळपणा आलाच, तर थिनरमध्ये थोडा रिटार्डर (सावकाश उडणारा थिनर) मिसळून एक पातळ हात द्या. बहुधा तो निघून जातो.

कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी दर दोन तासांनी सोडा. पाणी अडवणारी गाळणी कॉम्प्रेसरजवळ लावू नका. हवा लांब नळीतून थंड होऊन आल्यावर, गनच्या बाजूला लावा, म्हणजे ती खरोखर पाणी पकडते. डॅशबोर्डचे पॉलिश या काळात गॅरेजमध्ये आणूही नका. त्यातील सिलिकॉनचा एक कण पत्र्यावर बसला की रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. केसांना तेल लावलेल्या हातानेही पत्रा चाचपू नये.

गन पत्र्यापासून सात-आठ इंचांवर, सरळ धरावी. मनगट वळवायचे नाही, पूर्ण हात सरकवायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. ट्रिगर पत्र्याच्या बाहेर दाबायचा आणि बाहेरच सोडायचा. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्या. आधी दरवाजाच्या आतल्या कडा, मग छत आणि मग बाजू असा क्रम ठेवा. काचेच्या रबरी बीडिंगच्या ओठाखाली जाड दोरी सरकवली की तो वर उचलला जातो आणि रंगाची कडा रबराखाली जाते. पहिला दिवस जुन्या कपाटाच्या दारावर घालवा.

रबिंगची घाई करू नका. एनसी थर कित्येक आठवडे आकसत राहतो. किमान एक महिना गाडी तशीच उभी ठेवा, मग १००० पासून २००० नंबरपर्यंत पाण्याने घासून कंपाउंड (चकाकी आणणारी पेस्ट) लावा, आणि कडांवर हात हलका ठेवा, कारण तिथे रंग सर्वांत पातळ असतो. कडांना मी नेहमी मास्किंग टेप लावून ठेवत असे आणि ती काढल्यावर त्या फक्त हाताने, कापडाने उजळत असे.