'रोगग्रस्त पेशींचे निदान': शब्द कुठे खटकतोय?

प्रश्न
आरोग्यविषयक लेख मराठीत आणतेय. मथळा असा झालाय: 'सखोल शिक्षणाद्वारे रक्ताच्या छायाचित्रांतील रोगग्रस्त पेशींचे निदान'. उदाहरणं मलेरिया आणि सिकलसेलची आहेत. काहीतरी खटकतंय, नेमकं सापडत नाही.

प्रतिसाद १
आधी 'सखोल' काढा. सखोल चौकशी, सखोल अभ्यास म्हटलं की कुणीतरी मुळापर्यंत गेलंय असा भरवसा वाटतो. इथली खोली म्हणजे गणिताचे एकावर एक थर: सुरुवातीचे कडा नि रंग टिपतात, पुढचे आकार. सरळ डीप लर्निंग (संगणकाने उदाहरणांवरून शिकण्याची एक पद्धत) लिहा आणि थरांचं एकदा सांगून टाका.

प्रतिसाद २
मी लॅबमध्ये रोज स्लाइड बघते. रोगग्रस्त असतो तो माणूस. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, म्हणून ती 'बाधित'. विषबाधा, 'रात्रीचं दही बाधलं'... बाहेरून आलेलं काहीतरी त्या शब्दात आहेच. सिकलसेलमध्ये बाहेरून काही येत नाही. हिमोग्लोबिन जन्मापासूनच वेगळं असतं आणि प्राणवायू कमी पडला की पेशी वाकते. तिला 'विळ्याच्या आकाराची' म्हणा. 'विकृत' कृपा करून नको. नंदुरबार-गडचिरोलीचा रुग्ण स्वतः हे वाचेल, त्याला तो शब्द लागेल.

माझा खरा आक्षेप 'निदान'वर आहे. मलेरियाच्या एका नावाजलेल्या चित्रसंग्रहात २७,५५८ पेशींची चित्रं आहेत, निम्मी बाधित, निम्मी बाधा नसलेली. स्लाइड बांगलादेशातल्या चित्तगावच्या. अशा चित्रांवर शिकलेला संगणक एकेका पेशीबद्दल हो किंवा नाही म्हणतो. गिम्सा हा रंग लावल्यावर कोवळा परजीवी खड्याच्या अंगठीसारखा दिसतो, पण तांबड्या पेशीवर प्लेटलेट येऊन बसली तरी तसाच भास होतो. अशा वेळी आम्ही फोकस किंचित वरखाली करून बघतो. फोटोत ती सोय नाही.

सिकलसेलचा वाहक म्हणजे ते जनुक एकाच पालकाकडून आलेला, सहसा त्रास नसलेला माणूस. त्याच्या स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्तात, तर बहुधा विळे दिसतच नाहीत. त्याला सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी आणि पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. 'संगणकाने निदान केलं, काही नाही' असं त्या घरात पोचलं आणि दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एका शब्दाने एवढं होऊ शकतं, म्हणून सांगतेय.

प्रश्नकर्ती
मग 'शोधणे' की 'ओळखणे'?

प्रतिसाद २
अख्ख्या स्मिअरमधून हुडकायची असेल तर शोधणे. फोटोतून कापून घेतलेल्या एकाच पेशीच्या चित्राबद्दल सांगायचं असेल तर ओळखणे. निदान डॉक्टरांकडे राहू द्या.

प्रश्नकर्ती
पटलं. आणि बाधित नसलेली पेशी 'अबाधित' चालेल?

प्रतिसाद १
नको, 'हक्क अबाधित' डोक्यात येतं. 'बाधा न झालेली' लिहा. लांब आहे, पण कुणी चुकीचं वाचणार नाही.