मदत हवी आहे: ऑफिसच्या ॲपला सुट्टीच्या दिवशी लोकेशन मिळू नये, काय करू?

डीसीआर_बहाद्दर
मंडळी, जरा अर्जंट आहे. आमचं रिपोर्टिंग ॲप रविवारीपण लोकेशन घेतंय. आज सकाळी साहेबांचा फोन, "काल एचक्यू सोडून कुठे होतास?" लोकेशन बंद केलं की ॲप लाल स्क्रीन दाखवतं आणि साहेबांना अलर्ट जातो. काढून टाकता येत नाही, कारण रोज सकाळी त्यातच हजेरीचं पंच करायचं असतं. जीपीएस चालू राहील पण त्या ॲपला दिसणार नाही, असं काही सेटिंग आहे का? "नोकरी सोड" हा सल्ला कृपया नको.

बिट_बाइट
फोन कुठला? अँड्रॉइड असेल तर व्हर्जन? फोन तुमचा की कंपनीचा? ॲप प्ले स्टोअरवरून घेतलं की कोणी फाइल पाठवली? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं काय?

निवांत_नाशिक
एरोप्लेन मोड लावा, झोपा. विषय संपला.

डीसीआर_बहाद्दर
एरोप्लेन मोड लावला तर घरच्यांचे फोन कसे येणार? आई आजारी असते. फोन साधा अँड्रॉइड आहे.

बिट_बाइट
"साधा अँड्रॉइड" नावाचं व्हर्जन अजून आलेलं नाही.

मृण्मयी_प
एचक्यू, डीसीआर, पंच... तुम्ही पोलिसात आहात का?

लाल_बावटा
ताई, ते एमआर आहेत, औषध कंपनीचे प्रतिनिधी. डॉक्टरांच्या केबिनबाहेर बॅग घेऊन ताटकळतात ते. डीसीआर म्हणजे दिवसभरात कुठले डॉक्टर, कुठले केमिस्ट केले त्याचा रिपोर्ट. पूर्वी तो रात्री लॉजवर बसून कागदावर लिहायचो आणि आठवड्याने पोस्टात टाकायचो. आता डॉक्टरांच्या दारात उभं राहिल्याशिवाय ॲप कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटीची नोंद, घेत नाही. एचक्यू म्हणजे हेडक्वार्टर, ज्या गावात नेमणूक आहे ते. रविवारी एचक्यू सोडायला परवानगी लागते असा नियम कुठल्या कंपनीत आहे ते मला ऐकायला आवडेल.

आबा_पेन्शनर
फोन हरवला असल्यास घाबरू नये. संचार साथी पोर्टलवर सीईआयआर नावाचा विभाग आहे, मे २०२३ पासून देशभर चालू आहे. पोलीस तक्रारीची प्रत आणि आयएमईआय नंबर द्यावा, फोन कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही. माझ्या मेहुण्याचा फोन असाच परत मिळाला.

डीसीआर_बहाद्दर
आबा, फोन हरवलेला नाही. उलट तो कुठे आहे ते सगळ्यांना कळतंय, हीच अडचण आहे.

फोन माझा स्वतःचा. कंपनीने टॅब दिला होता, तो मागच्या वर्षी काढून घेतला आणि महिन्याचं रिचार्ज द्यायला लागले. अँड्रॉइड १३. ॲपची लिंक टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती.

बिट_बाइट
हे आधी सांगायला हवं होतं. प्ले स्टोअरवर जे ॲप पडद्यामागे लोकेशन घेतं, त्याला गूगलकडून वेगळी मंजुरी घ्यावी लागते, कशासाठी हवं ते पटवून द्यावं लागतं. ग्रुपवर आलेल्या एपीकेला, म्हणजे ॲपच्या सुट्या फाइलला, कोण विचारणार?

आता एक करा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात प्रायव्हसी डॅशबोर्ड, त्यात लोकेशन. कुठल्या ॲपने किती वाजता लोकेशन घेतलं ते तिथे दिसतं. अँड्रॉइड १३ मध्ये सात दिवसांपर्यंतचं मागे जाऊन बघता येतं. आधी चोर कोण ते नक्की करा, ॲपवर उगाच आळ नको. साहेबांना गूगल मॅप्सवरून कधी लोकेशन शेअर केलं होतं का, तेही बघा. तिथे "बंद करेपर्यंत" असा एक पर्याय असतो, आणि टूरवर असताना घाईत तोच दाबला जातो.

जुना_एएसएम
दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. मी एरिया मॅनेजर होतो. एका पोराने कऱ्हाडात हॉटेलात बसून पाटणचे सगळे डॉक्टर भरले होते. त्यातले एक डॉक्टर तेव्हा वारले होते, तरी त्यांनी सॅम्पल घेतल्याची नोंद! टीए, डीए (प्रवासभत्ता, दैनिक भत्ता) पण उचललेला. कंपनीने काय करायचं? जो नीट काम करतो त्याला लोकेशनची भीती कशाला?

लाल_बावटा
साहेब, मेलेल्या डॉक्टरांचा किस्सा प्रत्येक एएसएमकडे असतो. प्रश्न रविवारचा आहे. रविवारी कुठले डॉक्टर कॉल देतात?

जुना_एएसएम
रविवारचं मी समर्थन केलेलं नाही. नीट वाचा.

मृण्मयी_प
पण तुम्ही रविवारी गेला होतात कुठे?

डीसीआर_बहाद्दर
डॅशबोर्ड बघितला. मॅप्सवर शेअरिंग काही नाही. आमच्याच ॲपने रविवारी पहाटेपासून लोकेशन घेतलंय, थोड्या थोड्या वेळाने, रात्रीपर्यंत. शनिवारी रात्री मी झोपलो होतो तेव्हाचंपण आहे. ॲप उघडलेलंसुद्धा नव्हतं.

मृण्मयीताई, कुठे गेलो होतो त्याचा इथे संबंध नाही.

टिवल्या
इंटरव्ह्यूला गेला असणार. पुण्यात.

गावठी_जुगाड
फेक जीपीएसचं ॲप टाका राव. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन मॉक लोकेशन निवडायचं, घरावर पिन ठेवायची, खुशाल गोव्याला जायचं. आमच्याकडे डिलिव्हरीची पोरं करतात.

बिट_बाइट
कृपया हे करू नका. मॉक लोकेशन आहे हे अँड्रॉइड स्वतःच ॲपला सांगतं, ॲपने फक्त विचारायचं असतं. रिपोर्टिंग ॲप विकणाऱ्यांना ते माहीत असतं. शिवाय आज त्यांची बाजू लंगडी आहे. तुम्ही खोटं लोकेशन दिलंत की फसवणुकीचा पुरावा आयता त्यांच्या हातात.

गावठी_जुगाड
माझं दोन वर्षं चालू आहे, काही झालं नाही.

बिट_बाइट
तुम्ही त्यांच्या कंपनीत आहात का?

निवांत_नाशिक
एरोप्लेन मोड म्हणालो तर हसलात. तुम्ही काहीही करा, सिम चालू आहे तोवर टॉवरवरून सगळं कळतं.

बिट_बाइट
कळतं, पण कोणाला? मोबाइल कंपनीला. त्यांना नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने एकाचे दोन झाले. पोलीस रीतसर मागवू शकतात. एमआरच्या साहेबाला त्या मिळत नाहीत. टॉवर, गूगल आणि साहेब ही तीन वेगळी कुलपं आहेत, यांना तिसऱ्याची किल्ली हवी आहे.

परदेशस्थ_पुणेकर
गूगलबद्दल इतके निर्धास्त राहू नका. लोकेशन हिस्टरी बंद केली तरी दुसऱ्या एका सेटिंगमधून लोकेशन साठत होतं, हे २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेसने उघडकीला आणलं. त्यावरून नोव्हेंबर २०२२ मध्ये इथल्या, अमेरिकेतल्या, ४० राज्यांना गूगलने ३९ कोटी १५ लाख डॉलर दिले. सेटिंगचं नाव वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी. नाव वाचून त्यात लोकेशन असेल असं कोणाला वाटेल? सगळ्यांनी आज जाऊन बघा.

बिट_बाइट
बरोबर आहे, पण त्याने यांचे साहेब थांबणार नाहीत.

काळा_कोट
कायद्याबद्दल थोडं. पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, हे बहुतेकांना माहीत आहे. जास्त जवळचं प्रकरण ८ जुलै २०२४ चं. दिल्ली उच्च न्यायालयाने एका आरोपीला जामीन देताना अट घातली होती, गूगल मॅप्सवर पिन टाकून ठेव म्हणजे तपास अधिकाऱ्याला तुझा ठावठिकाणा कळत राहील. सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. पोलिसांना आरोपीच्या हालचालींवर सतत नजर ठेवता येईल अशी अट घालता येणार नाही, असं सांगितलं. गंमत म्हणजे त्या पिनने कोणाचा पाठलाग होतच नाही, हे गूगललाच न्यायालयात सांगावं लागलं.

लाल_बावटा
म्हणजे अंमली पदार्थांच्या केसमधल्या आरोपीला रविवारी मोकळीक आणि खोकल्याचं औषध विकणाऱ्याला नाही! हेच आम्ही सांगतोय. आमच्या एफएमआरएआय संघटनेने २० डिसेंबर २०२३ ला देशभर संप केला, त्यात इलेक्ट्रॉनिक पाळत बंद करा ही मागणी होती. आमच्यासाठी १९७६ चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉइज कायदा आहे. नेमणूकपत्रात लोकेशनची अट आहे का, ते बघा आधी.

काळा_कोट
लाल_बावटा, दोन दुरुस्त्या. १९७६ चा कायदा आता २०२० च्या सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत गेला आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दुसरं, जामिनाचा निकाल सरकारी यंत्रणेच्या विरोधात आहे, तो खासगी मालकाला जसाच्या तसा लावता येणार नाही. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची वाट मालकाला ठेवलेली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत दिली आहे. तरीही साप्ताहिक सुट्टीला "नोकरीचं कारण" म्हणणं मालकाला जड जाईल, असं माझं मत.

लाल_बावटा
संहिता आल्या म्हणून आमची लढाई थांबलेली नाही. वकिलांना कलमं दिसतात, आम्हाला माणसं.

काळा_कोट
माणसांसाठीच कलम सांगितलं. असो.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या नागपुरात तर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली होती. झाडू मारणारा कुठे आहे ते ऑफिसात बसून पाहायचं. रोजगार हमीवर दिवसातून दोनदा जागेसकट फोटो लागतो, नेटवर्क नाही त्या दिवशी मजुराच्या हजेरीचे वांधे. ज्याची मजुरी कमी, त्याच्यावर पहारा जास्त. मोठ्या साहेबाला कोणी घड्याळ बांधल्याचं ऐकलं का?

मृण्मयी_प
अवांतर: माझा मुलगा दहावीत आहे, क्लासला जातो म्हणतो. मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं फॅमिली लिंक टाकलं तर त्याला कळेल का?

बिट_बाइट
कळेल. आणि कळायलाच हवं. हा वेगळा धागा काढा प्लीज.

डीसीआर_बहाद्दर
धागा कुठे चाललाय? मला उपाय हवाय हो. परवानगी "फक्त ॲप वापरताना" वर टाकून बघितली. ॲप म्हणतं "सदैव" करा, नाहीतर पंच होणार नाही. आमचा टीए जीपीएसच्या किलोमीटरवर निघतो. जत, विटा, तासगाव मिळून महिन्याला चांगला पैसा असतो, तो कापला तर घरी काय सांगू? नेमणूकपत्र बघितलं, त्यात लोकेशनचा शब्द नाही. ॲप घेताना "आय ॲग्री" दाबलंय, ते सगळेच दाबतात.

बिट_बाइट
कामाच्या वेळेत त्यांना लोकेशन द्यायला तुमची हरकत नाही ना? मग दोन मार्ग आहेत.

पहिला फुकट. शनिवारी शेवटचा कॉल भरला, डीसीआर सबमिट झाला, की सेटिंग्जमधून ॲपवर फोर्स स्टॉप दाबा. तुम्ही स्वतः पुन्हा उघडेपर्यंत ते आपणहून जागं होत नाही. फोनचं लोकेशन चालूच राहतं, परवानगी "सदैव"च राहते, त्यामुळे सोमवारी लाल स्क्रीन यायला नको. रोज संध्याकाळीही करता येईल. चुकून ॲपच्या आयकॉनवर बोट पडलं तर मात्र ॲप उघडेल.

दुसरा माझ्या आवडीचा, वर्क प्रोफाइल. शेल्टर नावाचं मुक्त ॲप आहे, ते फोनमध्ये कामाचा वेगळा कप्पा करतं. रिपोर्टिंग ॲप त्यात टाकायचं आणि सुट्टीला कप्पाच बंद करायचा. त्या ॲपला तुमचे घरचे फोटो, कॉन्टॅक्ट्सही दिसत नाहीत. ॲपने कप्प्यात चालायला नकार दिला तर नाइलाज.

गावठी_जुगाड
एवढं करण्यापेक्षा जुना फोन घ्या, ॲप त्यात टाका आणि रविवारी तो घरी ठेवा. साहेबाला फोन घरीच दिसणार, खोटं पण नाही काही.

जुना_एएसएम
हे मात्र मला पटलं. आमच्यातले बरेच जण हेच करतात. एएसएमसुद्धा.

लाल_बावटा
घ्या! एएसएमसुद्धा!

जुना_एएसएम
आमच्यावर आरएसएम, म्हणजे रीजनल मॅनेजर, असतो हो. त्याच्याही स्क्रीनवर आम्ही ठिपकेच.

टिवल्या
पण इंटरव्ह्यू कसा झाला ते सांगा की.

काळा_कोट
फोनमध्ये काय करायचं ते करा, पण एक ईमेलही करा. तोंडी भांडण नको. "साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी माझ्या वैयक्तिक फोनवरून लोकेशन घेतलं जात आहे. ते कशासाठी, किती काळ साठवलं जातं आणि कोणाला दिसतं, हे लेखी कळवावं." एवढंच. डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट आजच काढा, सात दिवसांनी जातील. ईमेल एचआरला, प्रत साहेबांना.

लाल_बावटा
एकट्याने पाठवू नका. एकटा माणूस पाठवतो तेव्हा पुढच्या महिन्यात त्याची बदली होते. टीममधले सगळे पाठवा.

डीसीआर_बहाद्दर
अपडेट. शनिवारी संध्याकाळी फोर्स स्टॉप केलं. रविवारी डॅशबोर्डमध्ये ॲपची एकही नोंद नाही. सोमवारी पंच नीट झालं, टीएपण दिसतोय. साहेबांना माझं नाव "इनॲक्टिव्ह" दाखवत होतं म्हणे, व्हॉट्सॲपवर नुसतं प्रश्नचिन्ह आलं. मी "वीकली ऑफ" एवढंच लिहिलं. वाचलंय, उत्तर नाही.

ईमेलचं टीममध्ये बोललो. दोघे तयार आहेत. एकाचं प्रमोशन मार्चमध्ये आहे, तो म्हणतो माझं नाव घेऊ नका. स्क्रीनशॉट मात्र त्यानेही पाठवलेत, त्याच्या फोनवर दिवाळीच्या सुट्टीतले पण निघाले, तेव्हा काढून ठेवलेले. बिट_बाइट, काळा_कोट, आभार. इतरांचेही.

काळा_कोट
दोघांच्या सहीने पाठवा. तिसऱ्याचे स्क्रीनशॉट त्याच्या लेखी परवानगीशिवाय जोडू नका.

नवा_एमआर_बीड
याच धाग्यात विचारतो. माझे एक डॉक्टर जुन्या दवाखान्यातून नव्या हॉस्पिटलला गेले, तळमजल्याखाली ओपीडी आहे. ॲप म्हणतं तुम्ही डॉक्टरांपासून लांब आहात, कॉल घेतच नाही. डॉक्टर समोर बसलेत आणि माझा मिस्ड कॉल, म्हणजे भेट चुकल्याची नोंद, पडतोय. काय करावं?

जुना_एएसएम
रिटॅगची, म्हणजे डॉक्टरांची जागा नव्याने नोंदवायची, रिक्वेस्ट टाका, ती तुमच्या मॅनेजरकडून मंजूर व्हावी लागते. टॅग करताना तळघरात उभे राहू नका, गेटबाहेर मोकळ्यावर या, ठिपका स्थिर झाला की मग दाबा. महिनाअखेरीला टाकू नका, तेव्हा कोणी बघत नाही.