३१ मे ला निवृत्ती आहे, मार्च एंडला नेमकं काय करू?

वेण्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात जलसंपदा विभागात वरिष्ठ लिपिक आहे. शाळेत गुरुजींनी लावलेली जन्मतारीख १ जून, त्यामुळे ५८ पूर्ण होऊन ३१ मे २०२५ ला निवृत्त होतेय. मूळ वेतन ६८,०००, या वर्षाचा एकूण पगार १३ लाख २० हजारांपर्यंत जाईल. जीपीएफ (सरकारी कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी) महिन्याला १२,००० कटतो, मेडिक्लेमचा हप्ता २५,०००, गृहकर्ज फिटलंय. ऑफिसने जुनी करप्रणाली धरूनच टीडीएस (पगारातून आगाऊ कापला जाणारा कर) कापलाय.

ओळखीतले एक एजंट रोज फोन करतात, ३१ मार्चच्या आत दीड लाख ईएलएसएसमध्ये (करबचतीच्या म्युच्युअल फंडात) टाका, कर वाचेल. टाकू का? दुसरं, निवृत्तीचे सगळे मिळून पन्नासेक लाख येतील. यजमान ६३ वर्षांचे आहेत, शेती बघतात. पैसे त्यांच्या नावावर ठेवले तर ज्येष्ठ नागरिक म्हणून फायदा होईल असं नणंद म्हणते. आणि माझं २०१० च्या जानेवारीत काढलेलं पीपीएफ खातं या ३१ मार्चला मुदत पूर्ण करतंय. त्याचं काय करायचं तेही सांगा.

जमाखर्च:
ताई, ईएलएसएसला हात लावू नका. ८०सीची (गुंतवणुकीवर करवजावट देणाऱ्या कलमाची) मर्यादा दीड लाख, त्यातले १ लाख ४४ हजार तुमच्या जीपीएफनेच भरलेत. म्हणजे जुन्या प्रणालीत दीड लाख गुंतवले तरी वजावट मिळणार फक्त ६,००० ची, त्यातून कर वाचणार दोन हजारांच्याही आत. आणि पैसे तीन वर्षं अडकणार, तेही पगार थांबताना.

खरा फरक प्रणालीत आहे. तुमचेच आकडे घेऊन मांडतो. जुनी: १३,२०,००० वजा प्रमाणित (पगारदाराला सरसकट मिळणारी) वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, जीपीएफ १,४४,०००, मेडिक्लेम २५,०००. उरले १०,९८,५००, उपकरासह कर १,४७,७३२. नवी: १३,२०,००० वजा ७५,०००, बाकी कसलीच वजावट नाही. उरले १२,४५,०००, कर ९२,५६०. सरळ ५५ हजारांचा फरक. ऑफिसने जुन्या हिशेबाने कापला असला तरी बिघडत नाही. पगारदाराला रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते. मुदतीत रिटर्न भरण्याची अट जुनी प्रणाली निवडणाऱ्याला असते, नवीला नाही; तरी रिटर्न वेळेत भरा. जास्तीचा टीडीएस परत येईल.

आता पुढचं वर्ष. एप्रिल-मेचा पगार सव्वादोन लाखांच्या आसपास आणि दहा महिन्यांची पेन्शन. ४० टक्के पेन्शन विकलीत, म्हणजे तिच्या बदल्यात एकरकमी पैसे घेतलेत, तर हातात महिन्याला ३८ हजारांच्या पुढे येईल. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, विकलेल्या पेन्शनची रक्कम, जीपीएफ हे सगळं राज्य सरकारी कर्मचाऱ्याला दोन्ही प्रणालींत पूर्ण करमुक्त आहे. राहिलेलं उत्पन्न व्याज धरूनही १२ लाखांच्या बरंच खाली, आणि २०२५ च्या बजेटने १ एप्रिल २०२५ पासून नव्या प्रणालीत तिथपर्यंत कर शून्य केलाय. म्हणून एखादी एफडी मोडून व्याज घ्यायचं असेल तर मार्चमध्ये नको, एप्रिल उजाडू द्या. या मार्चपर्यंत तुमच्या वरच्या रुपयावर २० टक्के लागतात, नंतर काहीच नाही. प्रमाणित वजावट मात्र पगार आणि पेन्शन मिळून एकदाच.

यजमानांच्या नावाचा विचार सोडा. नवऱ्याला किंवा बायकोला बक्षीस दिलेल्या पैशावरचं व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, त्यामुळे कराचा फायदा शून्य. शिवाय आयुष्यभराची कमाई तुमची आहे, ती तुमच्याच नावावर असावी असं मला मनापासून वाटतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ६० ची वाट बघायला नको. ५५ नंतर निवृत्त झालेल्याला, पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं काढता येतं. कमाल ३० लाख, मार्च २०२५ चा दर ८.२ टक्के. तिमाहीला ६१,५०० रुपये, आणि खातं काढताना जो दर असेल तोच पाच वर्षं कायम. यजमानांना संयुक्त खातेदार करा, पहिलं नाव तुमचं.

ओंजळ:
पीपीएफबद्दल. मुदत संपल्यावर काहीच केलं नाही तर खातं तसंच चालू राहतं, व्याज मिळत राहतं, पण नवे पैसे भरता येत नाहीत. भरत राहायचं असेल तर पाच वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज वर्षाच्या आत द्यावा लागतो. अर्ज न देता भरलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही, हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. मी तर म्हणेन, अर्ज देऊन चालू ठेवा. ७.१ टक्के करमुक्त, नव्या प्रणालीतही. पैसे ५ एप्रिलच्या आत भरा, म्हणजे एप्रिलचं व्याज पदरात पडतं.

आणखी एक. तुम्ही ६० च्या आत आहात, त्यामुळे पोस्ट असो की बँक, एप्रिलपासून वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं की टीडीएस कापतील. ज्येष्ठांची एक लाखाची मर्यादा तुम्हाला नाही. टीडीएस कापू नका म्हणून द्यायचा ज्येष्ठांचा फॉर्म १५एचही नाही, तुमचा फॉर्म १५जी. एकूण कर शून्य आणि वर्षाचं व्याज ४ लाखांच्या आत, या दोन्ही अटींत तुम्ही बसताय, तेव्हा खातं काढतानाच देऊन टाका.

वेण्णाकाठ:
केवढा भार उतरला! एजंटांना आजच नाही म्हणून सांगते. पोस्टात निवृत्तीचा पुरावा म्हणून काय लागेल?

जमाखर्च:
कार्यालयाचं प्रमाणपत्र: पद, सेवेचा कालावधी, नियत वयोमानाने निवृत्ती आणि मिळालेल्या लाभांचा तपशील. जीपीएफ महालेखापालांकडून मंजूर होऊन येतो, ग्रॅच्युइटी वेगळी, रजेचे पैसे वेगळे, प्रत्येकाची तारीख निराळी. पासबुकात जमा झाल्याची नोंद दर वेळी करून घ्या, तीन महिने त्यावरून मोजतात. प्रमाणपत्राचा मसुदा आत्ताच आस्थापना शाखेत देऊन ठेवा. ३१ मे ला एकाच वेळी बरेच जण बाहेर पडतात, जूनमध्ये त्या टेबलावर उभं राहायला जागा नसते.