साठीनंतर १० किमी पोहायचं, तेही देणगी जमवायला. कोणी केलंय का?

निळी_लाट: नमस्कार मंडळी. वय ६२. निवृत्तीनंतर परत नियमित पोहायला लागलेय, पूलमध्ये दीड किमी फ्रीस्टाइल न थांबता होतं. बहिणीच्या शेवटच्या दिवसांत पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात त्रास कमी करणारी सेवा) लोकांनी तिचं फार मनापासून केलं, त्यांच्यासाठी पैसे उभे करायचेत म्हणून पुढच्या वर्षी उघड्या पाण्यात १० किमी पोहायचं ठरवतेय. घरचे म्हणतात या वयात कशाला. मला वेगळीच धास्ती आहे, लोकांनी पैसे दिले आणि मला अर्ध्यातच बाहेर यावं लागलं तर?

संथ_पाणी: ताई, वयाचं म्हणाल तर ओट्टो थॅनिंग या दक्षिण आफ्रिकेतल्या हार्ट सर्जननी २०१४ मध्ये ७३व्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून पार केली, सरळ रेषेत मोजली तरी ती ३३ किमी आहे. पण आधी ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, बीपी सगळं करून घ्या आणि डॉक्टरांना नुसतं पोहते म्हणून सांगू नका, थंड पाण्यात कित्येक तास असं सांगा. १०० मीटरला ३ मिनिटं धरली तर १० किमीला ५ तास लागतात, त्यामुळे वेगाच्या मागे लागू नका, आठवड्यातून एकदाच लांब पोहा आणि ते अंतर हळूहळू वाढवा, मधे सुट्टीचे दिवस हवेतच कारण आपल्या वयात स्नायू भरून यायला जास्त वेळ घेतात. खांद्यांसाठी रबर बँडचे व्यायाम आजपासूनच सुरू करा, खांदा गेला की सगळंच थांबतं.

खारा_वारा: पूल आणि उघडं पाणी यात खूप फरक आहे. थंड पाण्यात शिरल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं श्वास आपल्या ताब्यात नसतो, तेव्हा हळू उतरायचं, श्वास शांत झाला की मगच पोहायला लागायचं. एकटीने कधीच जाऊ नका, कमरेला रंगीत फ्लोट बांधा. पोहताना अचानक धाप, खोकला, छातीत घरघर असं झालं तर दम लागला म्हणून सोडून देऊ नका, फुप्फुसात पाणी साठत असू शकतं, वय आणि बीपी जास्त असेल तर हा धोका वाढतो. लगेच बाहेर. आणि बाहेर आल्यावरही शरीराचं तापमान थोडा वेळ उतरतच राहतं, म्हणून गरम शॉवर नको, आधी ओले कपडे बदला, कोरडे चढवा, काहीतरी गरम प्या.

ओंजळ_भर: तुमच्या खऱ्या प्रश्नावर बोलते. देणगीच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहा की पैसे संस्थेला जाणार, मी १० किमी पूर्ण करो वा न करो. किलोमीटरमागे अमुक रक्कम असली बोली अजिबात घेऊ नका, तब्येत बिघडत असताना पुढच्या किलोमीटरचे पैसे डोक्यात आले तर माणूस थांबत नाही आणि ते फार धोक्याचं आहे. बाहेर काढायचा निर्णय सोबतच्या होडीतल्या माणसाचा, तुमचा नाही, हे आधीच ठरवा, कारण थंडीने गारठलेल्या माणसाला आपलं भान सुटतंय हे कळत नाही. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जाऊ दे, होडी, प्रवेश फी वगैरे खर्च शक्यतो स्वतःच्या खिशातून. आणि बहिणीबद्दल जरूर लिहा, लोक अंतराला नाही, त्या कारणाला पैसे देतात.

निळी_लाट: सगळ्यांचे खूप आभार. किलोमीटरमागे पैसे घ्यायचं खरंच मनात होतं, ते आता रद्द. आधी स्ट्रेस टेस्ट करते, रिपोर्ट आला की इथेच कळवते. होडीत कोणाला बसवावं? भाऊ तयार आहे, पण तो मला "अजून थोडंच राहिलंय" म्हणणारा आहे.

ओंजळ_भर: मग भाऊ काठावर. होडीत असा माणूस हवा ज्याला तुमच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणता येईल.