प्रतिसाद: संग्रहालयातली संध्याकाळ आणि विद्यार्थी

संग्रहालयाने संध्याकाळी ठेवलेल्या कार्यक्रमाला तरुण यावेत म्हणून 'विद्यार्थ्यांकडे इन्स्टाग्राम सोपवा, तरुण आपोआप येतील' असं वरच्या प्रतिक्रियेत सुचवलंय. हा मुद्दा अर्धाच पटतो. जाहिरातीने माणूस दारापर्यंत येतो. आत तासभर रेंगाळायला काहीतरी कारण लागतं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उशिरापर्यंत दालनं उघडी असतात अशा काही संध्याकाळी विद्यापीठांतले विद्यार्थी ठरावीक कलाकृतींजवळ उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतात. उचलायचंच तर हे उचला.

एका विद्यार्थ्याला एकच वस्तू द्या. बोलणं तीन मिनिटांचं, आणि सुरुवात प्रश्नाने: 'ही पेटी कुणी वापरली असेल?' क्युरेटरने (संग्रहाची जबाबदारी असलेल्या तज्ज्ञाने) तथ्यं तपासावीत, मजकूर लिहून देऊ नये. पाठ केलेलं भाषण दुसऱ्याच वाक्याला ओळखू येतं. दर 40 मिनिटांनी माणूस बदला, नाहीतर घसा आणि उत्साह दोन्ही बसतात.

संगीत ठेवणार असाल तर जागा आधी ठरवा. स्पीकर काचपेटीजवळ नको, बासच्या कंपनांनी आतल्या हलक्या वस्तू हळूहळू सरकतात. कापड, जलरंग, हस्तलिखितं यांच्यासाठी प्रकाशाची नेहमीची मर्यादा सुमारे 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक). तिथे रंगीत झोत आणि फ्लॅश बंद. खाणंपिणं अंगणातच. सांडलेल्या सरबतामागून मुंग्या-झुरळं दालनात शिरतात, त्यामुळे वस्तू जपणाऱ्या संवर्धकांची अशा कार्यक्रमांबद्दलची कुरकुर रास्तच आहे.

तारीख मात्र विद्यापीठाचं वेळापत्रक समोर ठेवूनच काढा. सत्रपरीक्षेच्या तोंडावर निम्मे स्वयंसेवक गळतात. आणि शेवटची बस कितीला सुटते ते बघून कार्यक्रम संपवा. मानधन नसेल तर निदान प्रवासखर्च द्या.