मदत हवी आहे : ऑनलाइन लिलावातील जुन्या बंदुकीच्या विक्रेत्याची पारख कशी करावी?

नमस्कार. केळकर संग्रहालयातील शस्त्रे लहानपणापासून पाहत आल्यामुळे मला जुन्या बंदुकांची ओढ आहे, आणि सध्या एका ऑनलाइन लिलावातील १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी बंदुकीवर बोली लावण्याचा माझा विचार आहे. विक्रेता ती इंग्लंडमध्येच घडवलेली असल्याचे सांगतो. परंतु चापाजवळील पट्टीवरचा मुकुटाचा छाप नळीवरील गंजाच्या मानाने फारच ताजा दिसतो, आणि नळी मूळ नमुन्याप्रमाणे ३९ इंच भरते का, हे मोजपट्टी ठेवून दाखवावे, अशी दोनदा विनंती करूनही त्याने तसे छायाचित्र पाठवलेले नाही. या बंदुकांच्या नकला खैबर खिंडीच्या परिसरात पूर्वापार घडवल्या जातात, त्यामुळे शंका अधिकच बळावते. त्यातच, लिलावाबाहेर थेट खात्यात निम्मी रक्कम भरल्यास किंमत कमी करण्याची तयारी त्याने दाखवली, तेव्हा मनात पाल चुकचुकली.

लाकडी दस्ता काढून नळीच्या खालच्या बाजूचे छाप दाखवण्याची मागणी करणे रास्त ठरेल का? शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापाराला १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार परवाना लागतो, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यातील सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्रांपुरतीच आहे. तेव्हा बोलीपूर्वी विक्रेत्याकडून नेमकी कोणती कागदपत्रे मागावीत? पुण्यात अशी बंदूक प्रत्यक्ष तपासून देणारे जाणकार कोणी असल्यास कृपया कळवावे. लिलाव येत्या रविवारी संपतो.